पुसलेली पाटी वाचतां येते काय?

विद्यार्थिमित्रहो, शाळेंत दगडी पाटी वापरण्याचा काळ आतां मागें पडला. तरी तुमच्या आजोबांस ती चांगली आठवत असेल. गणित चुकलें कीं मुलें मनगटानें घाईघाईनें पाटी पुसून टाकीत, आणि मास्तर ती उजेडाकडे तिरपी धरून चुकलेलें गणित जसेंच्या तसें वाचून दाखवीत. पुसणाराच्या दृष्टीनें पाटी कोरी असे; पाहणारास मात्र ती कोरी दिसत नसे. हल्लीं आपल्या हातीं जी नवी पाटी आली आहे, म्हणजे संगणक आणि मोबाईल, तिच्याविषयींहि असाच एक समज पसरला आहे. तिच्यांत ‘खाजगी खिडकी’ नांवाची एक सोय असते. ती उघडून कांहींहि पाहिलें तरी मागें खूण राहत नाहीं, असें पुष्कळ विद्यार्थी मानतात. उलट, यंत्रावर जी खूण राहिलेली दिसते ती सारी खरीच असली पाहिजे, असें पुष्कळ वडील माणसें मानतात. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. ते कसे, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

हा विषय निवडण्यास एक प्रसंग कारण झाला. तो सांगतांना मला आजहि संकोच वाटतो. परंतु दुसऱ्याच्या चुकीपेक्षां स्वतःच्या चुकीचें उदाहरण देणें अधिक न्याय्य, म्हणून सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका शाळेंत शिकवीत असतां एका विद्यार्थिनीचे वडील मजकडे आले. त्यांच्या मुलीस ईमेलनें एक पत्र आलें होतें, व त्यांतील मजकूर येथें सांगवत नाहीं असा होता. पत्राची छापील प्रत त्यांनीं आणली होती. तिच्यावर पाठविणाराचें नांव स्पष्ट होतें. तो माझ्याच वर्गांतील एका शेतकऱ्याचा मुलगा. वेळहि छापलेली होती : आदल्या दिवशींचे सहा वाजून दहा मिनिटें. मीं त्या मुलास सर्व वर्गासमोर उभें केलें. तो म्हणाला, “गुरुजी, मीं नाहीं लिहिलें. काल तर मी शाळेंतहि नव्हतों.” मीं उत्तर दिलें, “सकाळीं सहा वाजतां शाळेंत कोणीच नसतें!” वर्ग हंसला. मुलगा मान खालीं घालून उभा राहिला. हा प्रसंग तूर्त येथेंच ठेवूं. त्याचा उलगडा पुढें होईल.

माग काढण्याची विद्या आपल्या या मुलखास नवी नाहीं. पेशव्यांकडून घेतलेल्या प्रांताविषयीं एल्फिन्स्टन साहेबानें इ. स. १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत गांवच्या रखवालदाराचें काम वर्णिलें आहे. आमच्या भागांत हें काम बहुधा रामोशी करीत. रात्रीं चोरी झाली तर पाउलांच्या ठशांवरून चोराचा माग काढणें हें रखवालदाराचें कर्तव्य असे. माग गांवच्या शिवेबाहेर गेला, तर पुढील गांवच्या रखवालदारास बोलावून, त्यास ठसे दाखवून, तो माग त्याच्या हवालीं करावा. मगच पहिल्याची जबाबदारी सुटे. वाचकांनीं ही ‘हवालीं करण्याची’ रीत ध्यानांत ठेवावी. कारण आजच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंतहि तीच रीत चालते, हें आपणांस पुढें दिसून येईल.

पुढें या विद्येस शास्त्राचें रूप आलें. कलकत्त्यास १८९७ सालीं बोटांच्या ठशांची कचेरी स्थापन झाली व तेथें अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनीं ठशांची वर्गवारी करण्याच्या कामीं मोठा हातभार लावला. फ्रान्स देशांत लिऑं शहरीं १९१० सालीं पोलिसांसाठीं प्रयोगशाळा उघडणारे एडमंड लोकार यांनीं असें प्रतिपादिलें कीं, दोन वस्तूंचा स्पर्श झाला म्हणजे प्रत्येक दुसरीवर कांहीं तरी ठेवून जाते. हें तत्त्व संगणकासहि लागू पडतें. संगणकावरील व मोबाईलवरील अशा खुणा शोधून, जपून, त्यांचा अर्थ न्यायालयास समजावून सांगण्याच्या शास्त्रास ‘डिजिटल न्यायसहायक विज्ञान’ असें म्हणतात. आपल्या राज्यांत हें काम करणाऱ्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचें मुख्य ठाणें मुंबईस कालिना येथें आहे.

आतां प्रथम ती खाजगी खिडकी काय करते तें पाहूं. इंटरनेटवरील पानें पाहण्याच्या साधनास ब्राउझर म्हणतात. साधा ब्राउझर आपल्या सोयीसाठीं मुख्यतः तीन गोष्टी जपून ठेवतो. पहिली, आपण कोणकोणतीं पानें पाहिलीं त्यांची यादी. दुसरी, ‘कुकी’ नांवाच्या लहान चिठ्ठ्या. या चिठ्ठ्या संकेतस्थळ आपल्या यंत्रावर ठेवतें व पुन्हा गेलों असतां त्यांवरून आपणांस ओळखतें. तिसरी, पानांवरील चित्रें वगैरे सामग्री. ती जवळ असली म्हणजे पान लौकर उघडतें. खाजगी खिडकी या तिन्ही गोष्टी केवळ उघडी असेपर्यंत बाळगते, आणि बंद होतांच टाकून देते. ॲपल कंपनीनें आपल्या सफारी ब्राउझरांत ही सोय २००५ सालीं आणली. गूगलच्या क्रोममध्यें ती २००८ सालीं ‘इनकॉग्निटो’ या नांवानें आली. आणि पुढच्याच वर्षीं फायरफॉक्स व इंटरनेट एक्स्प्लोअरर यांनींहि ती दिली.

ही सोय वाईट नव्हे. वाचनालयांतील सामायिक संगणकावर परीक्षेचा निकाल पाहणारास, बँकेचें खातें दुसऱ्याच्या यंत्रावर उघडणारास, किंवा आपल्या आजाराविषयीं घरांतील इतरांस कळूं न देतां माहिती वाचूं इच्छिणारास ती फार उपयोगी आहे. पण तिचें वचन किती मर्यादित आहे तें समजून घेतलें पाहिजे. त्याच यंत्रावर मागून बसणाऱ्या माणसापासून आपली यादी लपविणें, एवढेंच तें वचन होय.

सांगलीहून साताऱ्यास पाठविलेलें पत्र आठवा. पत्र लिहून झाल्यावर आपण टिपकागद जाळून टाकला, तरी टपालखात्याच्या हातून पत्र गेलें हें कांहीं नाहींसें होत नाहीं. संकेतस्थळाची मागणी अशीच अनेक हातांतून जाते. आपलें यंत्र प्रथम त्या स्थळाच्या नांवावरून त्याचा अंकी पत्ता विचारून घेतें. मग ती मागणी घरच्या किंवा शाळेच्या वायफाय यंत्रांतून इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीकडे, व तेथून टप्प्याटप्प्यानें स्थळाच्या संगणकाकडे जाते. हल्लींच्या बहुतेक स्थळांचा मजकूर कुलूपबंद लखोट्यांतून जातो. त्यामुळें मधल्या कंपनीस आंतला मजकूर वाचतां येत नाहीं, पण लखोटा कोणत्या स्थळीं चालला हें तिला बहुधा दिसतें. स्थळास तर आपला अंकी पत्ता, भेटीची वेळ व मागितलेलें पान हें सर्व कळतें. आपण तेथें स्वतःच्या नांवाच्या खात्यांत शिरलों, तर नांवहि कळतें. मग खिडकी खाजगी असो वा साधी. सारांश, खाजगी खिडकी म्हणजे आपल्या अंगणांतील पाउलें झाडून काढणारा खराटा आहे. रस्त्यावरची पाउलें झाडण्याचें सामर्थ्य त्याच्या अंगीं नाहीं.

बरें, अंगण तरी पूर्ण झाडलें जातें काय? खाजगी खिडकींतून उतरवून घेतलेली फाईल व जपून ठेवलेली खूण यंत्रावर तशीच राहते, हें तर उघडच आहे. याहून सूक्ष्म खुणाहि असतात. गौरव अग्रवाल, एली बुर्झ्टाइन, कॉलिन जॅक्सन व डॅन बोने या संशोधकांनीं २०१० सालीं त्या वेळच्या चार प्रमुख ब्राउझरांची परीक्षा केली. खाजगीपणाचा अर्थ चौघेहि एकसारखा लावीत नव्हते, आणि ब्राउझरास जोडलेले छोटे कार्यक्रम तर तें वचन सहज मोडूं शकत, असें त्यांस आढळलें. शिवाय संगणकाची चालू स्मृति अपुरी पडली कीं तो तिच्यांतील कांहीं भाग तात्पुरता डिस्कवर उतरवितो. खाजगी खिडकींतील पानाचा तुकडा अशा वेळीं डिस्कवर जाऊन बसूं शकतो, व ब्राउझरास त्याची वार्ताहि नसते. म्हणून तज्ज्ञ मनुष्य चालू असलेला संगणक दिसतांच तो घाईनें बंद करीत नाहीं. प्रथम शक्य तर चालू स्मृतीची प्रत घेतो. वीज गेली कीं ती स्मृति पाण्यावरच्या रेघेप्रमाणें नाहींशी होते.

या गैरसमजाचा एक मोठा खटला अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील संघीय न्यायालयांत झाला. लोक इनकॉग्निटो खिडकींत असतांहि गूगल कंपनी त्यांची माहिती गोळा करते, अशी तक्रार जून २०२० मध्यें दाखल झाली. एप्रिल २०२४ मध्यें तडजोडीचे कागद न्यायालयापुढें आले. त्यांत अशा जुन्या अब्जावधि नोंदी नष्ट करण्याचें व खिडकी उघडतांना दिसणारी सूचना अधिक स्पष्ट करण्याचें कंपनीनें मान्य केलें. जी गोष्ट खिडकीच्या दारावरच लिहावयाची, ती लोकांस कळण्यास इतका काळ व एवढा खटला लागला.

नोंद ही वस्तु मात्र तुच्छ मानूं नये. साताऱ्याच्या ज्या सरकारी शाळेस आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, तेथें ७ नोव्हेंबर १९०० रोजीं एका मुलाचें नांव दाखल झालें. शाळेच्या नोंदवहींत क्रमांक १९१४ पुढें ‘भिवा रामजी आंबेडकर’ हें नांव आहे. लिहिणाऱ्या कारकुनास त्या ओळीची थोरवी काय ठाऊक! पण ती जपली गेली म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शालाप्रवेशाचा दिवस आज निश्चित सांगतां येतो, व महाराष्ट्रांत तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. संगणकाच्या नोंदीहि अशाच निर्विकार असतात. त्यांस कोणाचें कौतुक नाहीं व कोणाचा राग नाहीं. हिंदुस्थान सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं दिलेल्या निर्देशांप्रमाणें इंटरनेट सेवा देणाऱ्या संस्थांस आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात.

आतां तज्ज्ञ काम कसें करतो तें पाहूं. पोलिसांनीं मोबाईल जप्त केला तर तो बाहेरच्या लहरी पोंचूं न देणाऱ्या पिशवींत घालतात. नाहीं तर दूर बसलेला मनुष्य संदेश पाठवून त्यांतील माहिती पुसूं शकतो. मग डिस्क एका अशा उपकरणामार्फत जोडतात कीं तिच्यावरून वाचतां येतें, पण तिच्यावर एक अक्षरहि लिहितां येत नाहीं. नंतर तिची पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत हुबेहूब प्रत काढतात व शोधाचें सारें काम प्रतीवर करतात. मूळ डिस्क मोहोरबंद राहते.

पुसलेली फाईल सांपडते कशी, असें पुष्कळ विचारतात. वाचनालयाच्या सूचींतून एखाद्या पुस्तकाची चिठ्ठी काढून टाकली तर तें पुस्तक कपाटांतून तत्क्षणीं नाहींसें होत नाहीं. त्या जागीं दुसरें पुस्तक येईपर्यंत तें तेथेंच असतें. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर फाईल पुसणें म्हणजे बहुधा अशी चिठ्ठी काढणेंच होय. मात्र नव्या पद्धतीच्या डिस्क व मोबाईल मोकळी झालेली जागा स्वतःच लौकर साफ करतात, व त्यांतील मजकूर कुलूपबंद असतो. त्यामुळें तेथें गेलेली वस्तु पुष्कळदां कायमची जाते. ‘सर्व कांहीं परत काढतां येतें’ ही समजूतहि म्हणूनच खरी नव्हे.

प्रत मुळाशीं हुबेहूब आहे, व मागून कोणी तिच्यांत फेरफार केला नाहीं, हें कसें सिद्ध करावयाचें? त्यासाठीं ‘हॅश’ नांवाची एक गणिती मुद्रा असते. सर्व मजकूर एका ठराविक गणिताच्या चरकांतून घातला असतां शेवटीं अक्षर-अंकांची एक माळ निघते. ‘शा-२५६’ या पद्धतींत ती ६४ चिन्हांची असते. मग मजकूर एक ओळ असो वा एक लाख पानें. त्या लाख पानांत एक स्वल्पविराम बदलला, तरी सारी माळ बदलून जाते. जप्तीच्या वेळीं काढलेली माळ व न्यायालयांत काढलेली माळ एकच निघाली, तर मधल्या काळांत मजकुरास कोणी हात लावला नाहीं असें खात्रीनें म्हणतां येतें. आणि वस्तु कोणाच्या हातून, कोणत्या दिवशीं, कोणत्या वेळीं, कोणाच्या ताब्यांत गेली हें प्रत्येक पायरीस सहीनिशीं लिहून ठेवतात. शिवेवर माग हवालीं करणारा आपला जुना रखवालदार हें पाहता, तर त्यास त्यांत कांहींच नवल वाटलें नसतें. मधला एक गांव चुकला कीं पुढचा सारा माग संशयित, हें त्यास पक्कें ठाऊक होतें.

कायदाहि हेंच सांगतो. आपल्या देशांत माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलांत आला, व त्याबरोबरच १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत संगणकीय नोंदींसंबंधीं नवें कलम आलें. त्याचा खरा अर्थ काय, याचा निर्णय आपल्याच महाराष्ट्रांतील एका खटल्यांत झाला. जालना येथील विधानसभेच्या निवडणुकीसाठीं २७ सप्टेंबर २०१४ रोजीं दुपारीं ३ वाजेपर्यंत उमेदवारी अर्ज द्यावयाचे होते. निवडणूक २९६ मतांनीं जिंकलेल्या उमेदवाराचे अर्ज त्या वेळेनंतर आले होते, असा विरुद्ध पक्षाचा दावा होता, व निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरींतील चित्रफितींवर सारें अवलंबून होतें. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें २४ नोव्हेंबर २०१७ रोजीं ती निवडणूक रद्द ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. १४ जुलै २०२० रोजीं खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नांवाच्या त्या खटल्यांत न्यायालयानें उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. आणि सर्व देशासाठीं असा नियम घालून दिला कीं, मूळ यंत्रच हजर केलें नसेल, तर संगणकीय नोंदीच्या प्रतीसोबत ती कशी काढली याचें प्रमाणपत्र असलेंच पाहिजे. मात्र सर्व खटपट करूनहि अधिकारी तें देत नसेल, तर कायदा मनुष्याकडून अशक्य गोष्ट मागत नाहीं, असेंहि न्यायालयानें सांगितलें. जुन्या कायद्याच्या जागीं १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणें या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात : एक यंत्र बाळगणाराचा, दुसरा तज्ज्ञाचा, व त्यांत वर सांगितलेली हॅशची माळहि लिहावी लागते.

एवढी काटेकोर रीत कशासाठीं, असें कोणास वाटेल. त्याचें उत्तर सातारच्या इतिहासांतच आहे. छत्रपति प्रतापसिंह महाराजांवर इंग्रजांविरुद्ध कट केल्याचे आरोप आले. गोव्याच्या पोर्तुगीजांशीं संधान बांधल्याचा आरोप त्यांत होता, व पुराव्यादाखल कागदपत्रें पुढें करण्यांत आलीं. त्या कागदांवरील शिक्के बनावट आहेत, आणि महाराजांस आपली बाजू मांडण्याची योग्य संधि मिळालीच नाहीं, असें त्यांच्या पक्षाचें म्हणणें होतें. तरी सप्टेंबर १८३९ मध्यें महाराजांस पदच्युत करून काशीस पाठविण्यांत आलें. त्यांचे वकील रंगो बापूजी विलायतेस गेले व इ. स. १८५३ पर्यंत तेथें राहून न्यायासाठीं झगडत राहिले. महाराज तर १८४७ सालींच काशींत वारले होते. शिक्का कोणाचा आहे हें पाहणें सोपें. तो कोणी उठविला हें ठरविणें अवघड. ईमेलवरील नांव, मोबाईलचा क्रमांक, समाजमाध्यमावरील खातें, हे आजचे शिक्केच आहेत.

आणि ही गोष्ट केवळ जुन्या काळची नव्हे. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांत पुसेसावळी येथें १० सप्टेंबर २०२३ च्या रात्रीं समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह मजकुराच्या निमित्तानें जमाव जमला. प्रार्थनास्थळावर हल्ला झाला, दुकानांची व वाहनांची नासधूस झाली, आणि एका तरुणाचा प्राण गेला. जिल्ह्यांत इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली. मजकूर कोणाच्या नांवें आला हें एका दृष्टिक्षेपांत दिसतें. तो खरोखर कोणी लिहिला, हें ठरविण्यास दिवस लागतात. तें ठरल्यावरहि शिक्षा देण्याचें काम न्यायालयाचें, रस्त्याचें नव्हे. त्या रात्रीं जमावापाशीं नांवें होतीं, चौकशी नव्हती. एक शास्त्र ज्या प्रश्नापुढें आठवडा थांबतें, तेथें मनुष्यांचा समुदाय एक तासहि थांबत नाहीं, ही गोष्ट आपण सर्वांनीं, विशेषतः मोबाईलवर आलेला मजकूर विचार न करतां पुढें धाडणारांनीं, अंतःकरणांत ठेवण्यासारखी आहे.

आतां माझ्या चुकीचा उलगडा. दुसऱ्या दिवशीं त्या मुलाचे वडील शाळेंत आले. ते रागावले नाहींत. ते इतकेंच म्हणाले, “गुरुजी, परवां आम्ही त्याच्या आजीला घेऊन मिरजेस दवाखान्यांत होतों. तुमची हजेरी बघा.” मीं हजेरीपत्रक काढलें. त्या दिवशीं मुलाच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण होती, आणि ती माझ्याच हातची होती. मग संगणक शिकविणाऱ्या शिक्षकांनीं छापील प्रत पाहिली. तिच्यावरील वेळ जागतिक प्रमाणवेळ होती. आपली वेळ तिच्या साडेपांच तास पुढें असते. म्हणजे पत्र सकाळीं सहा वाजून दहा मिनिटांनीं नव्हे, तर अकरा वाजून चाळीस मिनिटांनीं, भर शाळेंत गेलें होतें. मुलानें आमच्यासमोर आपलें खातें उघडून दाखविलें; तें त्या वेळीं शाळेच्याच इंटरनेट-जोडणींतून उघडलें गेल्याची नोंद त्यांत होती. पत्र शाळेंतून गेलें, आणि मुलगा शाळेंत नव्हता. दोन लहान नोंदी एकमेकींशेजारीं ठेवल्या, आणि मीं वर्गासमोर दिलेला निकाल मोडून पडला.

मुलाचा एवढाच दोष कीं, त्यानें आपला पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता. तो कोणी वाचला तें मात्र कळलें नाहीं. संगणकाच्या खोलींतील यंत्रांवर त्या वेळची ब्राउझरची यादी कोरी होती. कोणी तरी खाजगी खिडकी उघडून काम साधलें असावें. स्मृतींतील तुकडे तेव्हांच कोणी जपले असते, तर कदाचित् कांहीं हातीं लागतें. पण मी दोन दिवस एका निरपराध मुलास दटावण्यांत घालविले, व तेवढ्यांत त्या यंत्रांवर अनेक वर्ग बसून गेले. खोट्या मागावर घालविलेला वेळ हा खऱ्या गुन्हेगारास दिलेली देणगी असते. मीं वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली. तो “बरं, गुरुजी” म्हणाला. परंतु पूर्वीं प्रत्येक प्रश्नास प्रथम वर होणारा त्याचा हात त्या वर्षीं माझ्या तासास पुन्हा वर झाला नाहीं.

असो. विद्यार्थिमित्रहो, यावरून तुम्हीं काय घ्यावें? खाजगी खिडकी वापरण्यांत पाप नाहीं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें सांगितलें आहे कीं, खाजगीपणा हा मनुष्याचा मूलभूत हक्क आहे. ज्याच्या पेटीस कुलूप आहे तो चोर, असें कोणी म्हणूं नये. पण जें उघड्या खिडकींत करावयास मन धजत नाहीं, तें बंद खिडकींत केल्यानें निर्धोक होत नाहीं, हेंहि विसरूं नका. आपला पासवर्ड वहींत लिहूं नका, जिवलग मित्रासहि देऊं नका, आणि सामायिक यंत्रावरून उठतांना खात्यांतून बाहेर पडण्यास चुकूं नका. तुमचें नांव हा तुमचा शिक्का आहे. तो दुसऱ्याच्या हातीं पडूं देऊं नये.

पालकांसहि दोन शब्द. मुलाच्या मोबाईलवर यादी कोरी दिसली म्हणून त्यानें कांहीं वाईट पाहिलें असें मानूं नका, व यादी भरलेली दिसली म्हणून तीं सर्व पानें त्यानेंच पाहिलीं असेंहि मानूं नका. घरांतील एक यंत्र चार हातांतून फिरतें. प्रथम मुलास विचारा, आणि त्याचें उत्तर पूर्ण ऐकून घ्या. मुलास कोणी धमकीचा किंवा घाणेरडा संदेश पाठविला, तर संतापाच्या भरांत तो पुसून टाकूं नका, व चौघांस दाखविण्यासाठीं पुढेंहि पाठवूं नका. तो जसा आला तसा राहूं द्या, तारीख व वेळ कागदावर लिहून ठेवा, आणि पोलिसांच्या सायबर विभागाकडे जा. सातारा व सांगली दोन्हीं जिल्ह्यांत तो आहे. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवा. तेथें प्रत्येक घटकेस किंमत आहे.

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. पुसलेली पाटी पुष्कळदां वाचतां येते. परंतु ती वाचणारानें पाटी उजेडाकडे धरली पाहिजे, घाई करतां कामा नये, आणि पाटी कोणाची एवढें पाहून न थांबतां, लिहिणारा हात कोणाचा हेंहि विचारलें पाहिजे. हा शेवटचा प्रश्न मीं एकदां विचारला नाहीं. तुम्हीं तो विचारण्यास कधीं विसरूं नये, एवढ्यासाठीं हा लेख लिहिला.